खेळ स्वस्त, पेटी महाग

सांगलीत मी व्यापाऱ्यांचे जीएसटीचे हिशेब पाहते आणि आठवड्यातल्या दोन-तीन रात्री संगणकावर 'काउंटर-स्ट्राइक' खेळते. दोन्ही गोष्टी मी सारख्याच मनापासून करते आणि ओळखीच्या लोकांना ते ठाऊक आहे. त्यामुळे हल्ली कागदांवर सह्या करता करता एखादे दुकानदार विचारतात, ''मॅडम, आमचा मुलगा त्या गेमसाठी पैसे मागतोय, द्यावेत का?'' अकरावीतला माझा भाचा वेगळंच विचारतो, ''मावशी, एवढा जुना गेम. आता त्यात काय उरलंय?''

मला दोघांनाही एकच सांगायचं असतं. हा खेळ आजही पैसे वसूल करून देतो, आणि आज बाजारात असलेल्या बहुतेक ऑनलाइन गेमपेक्षा जास्त प्रामाणिकपणे देतो. मात्र त्याच पडद्यावर, त्याच कंपनीनं मांडलेली जी पेटी आहे, तिच्यात एक रुपयाही घालू नये. यातलं पहिलं तेवढं सांगितलं तर पालकांची फसवणूक होते आणि दुसरं तेवढं सांगितलं तर खेळावर अन्याय होतो.

'काउंटर-स्ट्राइक'ची सुरुवात १९९९ची. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी 'हाफ-लाइफ' या दुसऱ्याच गेमवर हौसेनं उभारलेला हा खेळ होता. अमेरिकेतल्या व्हॉल्व कंपनीनं तो आपल्याकडे घेऊन २००० मध्ये रीतसर बाजारात आणला. २००३ मध्ये आलेली १.६ ही आवृत्ती आपल्याकडच्या सायबर कॅफेंत पोचली. आमच्या विश्रामबागेतल्या कॅफेत तासाला वीस रुपये पडायचे. लॅनच्या वायरीनं जोडलेले आठ-दहा संगणक, एक खडखडणारा कूलर, आणि बहुतेक वेळा एकच नकाशा: डस्ट-टू. थोरला दादा बरोबर असायचा म्हणून मला तिथं बसता यायचं. एकट्या मुलीनं कॅफेत जाऊन गेम खेळणं घरात कुणाला पटलं नसतं. डेव्ह जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये आखलेला तो नकाशा आजही खेळला जातो. ती लांब गल्ली, मधली फट राहिलेली दारं, बोगदा, वरचा चौथरा. भाच्याची नि या नकाशाची ओळख नव्या आवृत्तीत झाली, माझी कॅफेत, पण कोणत्या कोपऱ्याआड कोण दबा धरून बसलं असेल यावर आम्ही दोघं सारख्याच हक्कानं वाद घालतो.

आता पैशांचं. २०१२ मध्ये 'ग्लोबल ऑफेन्सिव्ह' ही आवृत्ती १५ डॉलरला आली, म्हणजे त्या वेळचे आठशे-साडेआठशे रुपये. मी तेव्हा ती घेतली. डिसेंबर २०१८ मध्ये कंपनीनं ती सर्वांना फुकट केली आणि आधी पैसे मोजलेल्यांना 'प्राइम' हा दर्जा दिला. सप्टेंबर २०२३ मध्ये तिच्या जागी 'काउंटर-स्ट्राइक २' आला. नवं इंजिन, नवा प्रकाश, नवा धूर, आणि जुन्या खेळाडूकडून एक पैसाही जास्तीचा नाही. मासिक वर्गणी कधीच नव्हती. माझा तो एकदाचा खर्च इतक्या वर्षांवर वाटला तर महिन्याला पाच-सहा रुपये पडतात. आज नव्यानं येणाऱ्याला खेळ फुकट उतरवून घेता येतो. ज्याला क्रमवारीच्या प्रीमियर सामन्यांत उतरायचं आहे त्यानं प्राइमसाठी १५ डॉलर एकदाच भरायचे.

पण नुसतं स्वस्त असणं पुरेसं नाही. त्या पैशांत मिळतं काय? इथं माझ्यातली हिशेबनीस जागी होते, कारण या खेळाच्या पोटात एक सुंदर अर्थव्यवस्था आहे. पाच विरुद्ध पाच. एका बाजूनं बॉम्ब लावायचा, दुसरीनं तो रोखायचा किंवा निकामी करायचा. आधी तेरा फेऱ्या जिंकणारा संघ सामना जिंकतो. सुरुवातीला प्रत्येकाच्या खिशात ८०० खोटे डॉलर असतात. एके-४७ ला २७०० लागतात, चिलखत आणि शिरस्त्राणाला १०००, लांब पल्ल्याच्या ऑपला ४७५०. फेरी जिंकलात तर साडेतीन हजारांच्या आसपास हातात येतात. हरलात तर १४००, पण ओळीनं हरत गेलात तर दर फेरीला ५०० वाढत ३४०० पर्यंत मिळतात, म्हणजे बुडालेल्याला पुन्हा उभं राहायला भांडवल मिळतं. त्यामुळे पाचही जणांना मिळून ठरवावं लागतं की या फेरीत सगळं लावायचं, की पिस्तुलावर भागवून पुढच्या फेरीसाठी पैसे साठवायचे. आम्ही त्याला 'इको' म्हणतो. चौघांनी इको करायची ठरवली आणि पाचव्यानं हट्टानं बंदूक विकत घेतली की पुढच्या फेरीत त्याच्याकडे चिलखताचेही पैसे उरत नाहीत आणि सगळा संघ त्याची किंमत मोजतो. बॉम्ब लागला की चाळीस सेकंद. तो निकामी करायला दहा सेकंद, चारशेचं किट घेतलं असेल तर पाच. कुणी ते चारशे वाचवले होते हे नेमकं अडतिसाव्या सेकंदाला कळतं. खेळत्या भांडवलाचं शिक्षण इतक्या स्वच्छ रीतीनं देणारं दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही, आणि मी कॉमर्सच्या मुलांची शिकवणी घेतली आहे.

आणि सगळ्यात मोलाची गोष्ट ही की खऱ्या पैशांनी यातलं काहीच विकत मिळत नाही. रंगीत नक्षीची बंदूक पन्नास हजारांची असो की साधी काळी, गोळी तितकीच लागते. मिरजेच्या भाड्याच्या खोलीत राहणारं पोरगं आणि मुंबईतल्या उद्योजकाचा मुलगा समोरासमोर आले तर दोघांच्या हातात तीच बंदूक, तोच भाव, तेवढाच वेळ. मोबाइलवरच्या कित्येक गेमांत पैसे भरणाऱ्याला ताकद मिळते आणि न भरणाऱ्याला थांबावं लागतं. इथं वीस वर्षांहून जास्त काळ ही सीमा पाळली गेली आहे. ऑनलाइन खेळाची किंमत ठरवताना मी हे आधी पाहते.

दुसरी गोष्ट टिकण्याची. फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' हा गाड्यांच्या शर्यतींचा गेम २०१४ मध्ये आला. ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले आणि पैसे देऊन घेतलेला गेम लोकांच्या हातून नाहीसा झाला, कारण सर्व्हरशिवाय तो चालतच नव्हता. सोनीचा 'कॉनकॉर्ड' ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि दोन आठवड्यांत मिटला. तिथं निदान पैसे परत मिळाले. 'द क्रू' बंद पडल्यावर युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही ग्राहकांची चळवळ उभी राहिली आणि २०२५ मध्ये तिच्या मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. 'काउंटर-स्ट्राइक'चं वेगळेपण असं की १.६ आजही चालतं, आणि त्याचा सर्व्हर कुणालाही स्वतःच्या संगणकावर उभा करता येतो. कंपनी उद्या नसली तरी हॉस्टेलवरची दहा मुलं वायर जोडून खेळू शकतील. नव्या आवृत्तीला माणसांचाही तोटा नाही. २०२५ मध्ये एकाच वेळी १८ लाखांहून अधिक खेळाडू तिच्यात होते. व्हॉल्वचे सर्व्हर मुंबईत आणि चेन्नईत आहेत, त्यामुळे सांगलीतून रात्री अकरा वाजताही सामना पटकन मिळतो.

नव्या आवृत्तीनं काही माणसांना बाहेर टाकलं, हेही सांगितलं पाहिजे. जुन्या ३२-बिट प्रणालीवर आणि मॅकवर ती चालत नाही. डिस्कवर ८५ जीबी जागा मागते. १.६ एका सीडीवर मावायचं आणि सीडी हातोहात फिरायची. दुरुस्तीच्या दुकानातून जोडून घेतलेल्या आठ-दहा हजारांच्या संगणकावर जो मुलगा आधीची आवृत्ती बरी चालवत होता, त्याच्यासाठी 'फुकट' या शब्दाचा अर्थ आता तीस-चाळीस हजारांचा नवा संगणक असा झाला. जुनी आवृत्ती उघडता येते, पण अधिकृत सामने तिच्यात मिळत नाहीत. तालुक्याच्या गावातून हे मोठं नुकसान दिसतं. आणखी एक अडचण चोरांची. खातं फुकट असल्यामुळे भिंतीपलीकडचं दाखवणारी सॉफ्टवेअर वापरणारे एका खात्यावर बंदी आली की दुसरं उघडतात, आणि वरच्या पातळीवरचे कितीतरी खेळाडू त्यांना कंटाळून त्रयस्थ कंपन्यांच्या सर्व्हरवर जातात. प्राइमची अट ही त्यावरची एक चाळणी आहे. चाळणीतूनही काही निसटतातच.

बाईच्या वाट्याला या खेळाची किंमत जास्त येते. हे मी इथं ठामपणे लिहिते, कारण गेमची परीक्षणं लिहिणाऱ्यांत हे क्वचितच कुणी मोजतं. पाच जणांच्या संघात बोलणं हाच अर्धा खेळ आहे. ''बी वर दोन, एकाला चाळीस लागलेत, मधून येऊ नका,'' एवढं वेळेवर सांगितलं तर हरलेली फेरी फिरते. पण अनोळखी संघात मी माइक सुरू केला की पहिला प्रश्न येतो, ''लडकी है क्या?'' आणि त्यानंतर कधी लाडीगोडी, कधी शिव्या, कधी मुद्दाम माझ्याच पाठीत गोळ्या. आवाज बंद करायचं बटण आहे, तक्रारीचंही आहे. पण समोरच्याचा आवाज बंद केला की त्याच्याकडून मिळणारी माहितीही जाते. म्हणजे मला निम्मा खेळ मिळतो आणि शेजारच्या मुलाला पूर्ण. माझ्या ओळखीच्या अनेकींनी आवाजच न काढता खेळायची सवय लावून घेतली आहे. आमचा स्वतःचा पाच जणांचा संघ जमला तेव्हा मला हा खेळ पुन्हा पूर्ण मिळाला: पुण्यातला दादा, मस्कतला असलेला त्याचा वर्गमित्र, मी, आणि खेळातच ओळख झालेल्या नागपूरच्या दोघी मैत्रिणी. शनिवारी रात्री आम्ही भेटतो. दर महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास मात्र मी नसते, कारण तेव्हा व्यापाऱ्यांची जीएसटीची ३बी विवरणपत्रं भरायची घाई असते आणि सामना मध्येच सोडता येत नाही. सोडला तर पुढचे सामने काही काळ खेळता येत नाहीत. नागपूरच्या दोघींना मी अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, पण एकीच्या आईच्या आजारपणात आम्ही चौघं रात्ररात्र फोनवर होतो. मुलीला हा खेळ घेऊन देणाऱ्या पालकांना माझं सांगणं आहे की आधी तिच्यासाठी ओळखीची चार माणसं शोधा.

आता पेटी. ऑगस्ट २०१३ मध्ये खेळात रंगीत बंदुका आणि त्या असलेल्या पेट्या आल्या. पेटी खेळता खेळता मिळते किंवा बाजारात विकत मिळते. ती उघडायला किल्ली लागते आणि किल्लीला अडीच डॉलर, म्हणजे दोनशे रुपयांच्या वर. यूपीआयनं भरता येतात. किल्ली फिरवली की वस्तूंची पट्टी सरसर सरकते, मंदावते, सोनेरी खूण डोळ्यांसमोरून जाते आणि बहुतेक वेळा सगळ्यात साध्या, निळ्या वस्तूवर थांबते. चीनमध्ये कायद्यानं शक्यता जाहीर करावी लागते, म्हणून २०१७ मध्ये तिथल्या चालक कंपनीनं आकडे सांगितले: निळी वस्तू सुमारे ८० टक्के, आणि ज्याच्यासाठी सगळे किल्ली घेतात तो चाकू किंवा हातमोजा ०.२६ टक्के. हिशेब करू. सरासरी ३८५ पेट्यांमागे एक. नुसत्या किल्ल्यांचे ऐंशी हजार रुपयांच्या वर. बरं, ३८५ उघडल्या म्हणजे मिळेलच असंही नाही. इतक्या पेट्या उघडूनही शंभरातले सदतीस जण रिकाम्या हातानं उठतील. आणि मिळालेल्या कित्येक चाकूंचा बाजारभाव त्या ऐंशी हजारांच्या जवळपासही नसतो. हा आकड्याचा जुगार आहे. आणि हा खेळ जिथून मिळतो त्या व्हॉल्वच्या 'स्टीम' या ऑनलाइन दुकानात खातं तेराव्या वर्षी उघडता येतं.

''पण विकता येतं ना, ती ॲसेट आहे,'' असं एका अशिलाचा मुलगा मला समजावत होता. स्टीमच्या बाजारात विकलं तर पंधरा टक्के शुल्क जातं आणि उरलेले पैसे बँकेत येत नाहीत. स्टीमच्याच पाकिटात राहतात आणि तिथंच खर्च करावे लागतात. रोख हवी तर बाहेरच्या संकेतस्थळांवर जावं लागतं, जिथं फसवणुकीचा धोका सगळा आपला. ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीनं एक नियम बदलला: पाच लाल, म्हणजे चाकूखालोखाल दुर्मिळ, वस्तू देऊन चाकू किंवा हातमोजा घेता येऊ लागला. चाकूंचे भाव धाडकन कोसळले, लाल वस्तूंचे उसळले. ज्यांनी चाकू साठवून ठेवले होते त्यांना दाद मागायला कुठलीच जागा नव्हती, कारण बाजार, माल आणि नियम तिन्ही एकाच्याच हाती आहेत. अशा मालाला मी कुठल्याही ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवणार नाही.

रंगीत बंदूक हवीशी वाटण्यात काही चूक नाही. भाच्याला ती आवडते, मलाही. तिची किंमत सरळ लिहावी, एवढंच म्हणणं आहे. 'व्हॅलोरंट' हा २०२० मध्ये आलेला प्रतिस्पर्धी खेळ सजावटीचा भाव उघड लावतो. तो भाव महाग आहे आणि घेतलेली वस्तू पुन्हा विकता येत नाही, पण किती पैसे देऊन काय मिळणार हे मुलाला आधी कळतं. व्हॉल्वलाही हे जमतं. फ्रान्समध्ये २०१९ पासून पेटीत काय आहे ते पैसे देण्याआधी दिसतं. बेल्जियमच्या नियामकानं २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगार ठरवल्यावर तिथं पेटी उघडणंच बंद झालं, आणि खेळ सुरू राहिला. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीनं स्वतःहून एक नवी पद्धत आणली, ज्यात एकामागून एक पाचपर्यंत वस्तू किमतीसह दाखवल्या जातात. हवी ती घ्या, नाहीतर एकही घेऊ नका. जुन्या पेट्या मात्र आपल्याकडे तशाच आहेत.

आपल्या सरकारला हा विषय नवा नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन गेमवर भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून असे गेम बंदच केले आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. चर्चा झाली ती रमीची आणि फँटसी क्रिकेटची. मोठ्या माणसाला रमीवर पैसे लावायला बंदी आणि तेरा वर्षांच्या मुलाला पेटीवर किल्ली फिरवायला मोकळीक, ही विसंगती मला सहन होत नाही. पेटीचा प्रश्न निकाली काढायला खेळावर बंदी घालायची गरज नाही, आणि घालूही नये. २०२० मध्ये पबजीवर बंदी आली तेव्हा मुलं दुसऱ्या खेळांकडे वळली आणि पेट्यांची दुकानं तशीच राहिली. हवं ते इतकंच: अठराच्या आतल्या खात्यांना पेटी बंद, इतरांना आत काय आहे ते आधी दाखवणं सक्तीचं, आणि किल्लीच्या बटणाशेजारी शक्यतेचा आकडा मराठीत, हिंदीत आणि जी भाषा निवडली असेल तिच्यात ठळक छापलेला. फ्रान्समध्ये आणि बेल्जियममध्ये अशा गोष्टी आधीच करून दाखवल्या आहेत, त्यामुळे तंत्राची अडचण सांगता येणार नाही.

हे होईपर्यंत पालकांनी दोन गोष्टी कराव्यात. मुलाला प्राइम एकदा घेऊन द्यावं. ते पैसे वाया जात नाहीत. आणि त्याच्या स्टीम खात्यावर आपला यूपीआय किंवा कार्ड जोडून न ठेवता, २०२४ मध्ये आलेल्या 'स्टीम फॅमिलीज'च्या गटात त्याचं खातं मुलाचं म्हणून घालावं. त्यातून मुलाला दुकानात जाण्यापासून रोखता येतं, खेळायच्या वेळेला मर्यादा घालता येते, आणि खरेदीची विनंती आली तर ती मंजूर करायची की नाही हे आई-वडील आपल्या फोनवरून ठरवू शकतात.